झाकलेला क्लच आणि गाडीचा अस्सलपणा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातील जुन्या मोटारींच्या फेरीचे वृत्त वाचले. रंग, क्रोमचा मुलामा आणि चामड्याच्या बैठका यांचे वर्णन मनापासून केलेले होते; मात्र ज्याच्या जोरावर या गाड्या घाट चढल्या, त्या क्लचचा, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या यंत्रणेचा, उल्लेख कुठेही नव्हता. तो भाग कोणाला दिसत नाही, आणि म्हणूनच सर्वाधिक मोडतोड तिथेच होते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ ही स्वतंत्र नोंदणीमालिका आणली. गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी त्यात अट आहे. क्लचचे नाव त्यात नसल्याने, तिथे वाटेल ते बसवले तरी चालते, असा समज काही कार्यशाळांनी करून घेतलेला दिसतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका जॅग्वार मार्क सेव्हनमध्ये, आधीच्या कारागिराने आजच्या गाडीची डायफ्रॅमची (एकाच चपट्या गोल स्प्रिंगची) प्रेशर प्लेट बसावी म्हणून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या टोकाचे जड चाक, लेथवर तासून नवी भोके पाडली होती. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबली जाणारी क्लच प्लेट केव्हाही बदलता येते. तासलेले फ्लायव्हील पूर्ववत करता येत नाही.

वास्तविक अशा गाडीची मूळ क्लच प्लेट पुष्कळदा वाचवता येते. तिचा पत्रा सरळ असेल, हबच्या (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागाच्या) खाचा झिजलेल्या नसतील आणि स्प्रिंगा शाबूत असतील, तर घर्षणाचे जुने अस्तर, म्हणजे लायनिंग, काढून नवे रिव्हेटने बसवता येते. फक्त रिव्हेटची डोकी लायनिंगच्या पृष्ठभागाखाली पुरेशी खोल राहिली पाहिजेत. त्या आधी तेलाची गळती थांबवणे आवश्यक आहे. त्या काळच्या अनेक इंजिनांत मागच्या बाजूला रबरी सील नसून तेल परत फेकणारे आटे असत, आणि तेथून झिरपलेले तेल नव्या लायनिंगचीही थोड्याच दिवसांत वाट लावते. जुन्या लायनिंगमध्ये बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ती धूळ कॉम्प्रेसरने उडवण्याची आपल्याकडची सवय घातक असून ती ओल्या फडक्यानेच पुसावी.

जोडणी करताना फ्लायव्हील आणि क्लच कव्हर यांवरील ‘बी’ ही अक्षरे समोरासमोर आणावीत, नाहीतर बॅलन्स बिघडून गाडी थरथरते. प्लेट डमी शाफ्टने (गिअरबॉक्सच्या शाफ्टसारख्या तात्पुरत्या दांड्याने) मध्यावर धरावी, आणि गिअरबॉक्स सरकवताना त्याचा भार क्षणभरही प्लेटच्या हबवर टांगू देऊ नये. हब वाकला की क्लच पुरता सुटत नाही आणि दोष मात्र नव्या सुट्या भागांना दिला जातो. या जुन्या जॅग्वार गाड्यांचे रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा भाग, ग्रॅफाइटचे असते. सिग्नलला क्लचच्या पेडलवर पाय ठेवून बसणारा चालक ते झिजवतो, आणि ते बदलण्यासाठी पुष्कळदा इंजिन गिअरबॉक्ससह बाहेर काढावे लागते.

फेरीच्या आयोजकांना माझी एकच विनंती आहे. प्रवेशपत्रिकेत बॉडी, रंग आणि इंजिन क्रमांक यांच्या रकान्यांखाली ‘मूळ फ्लायव्हील व प्रेशर प्लेट आहे काय, नसल्यास काय बदलले’ हा एक रकाना वाढवावा.

आपला,
एक निवृत्त मोटार कारागीर, कोल्हापूर