तू पेन्सिलीने ओढलेली रेघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला अकरा महिने लागले, याची लाज वाटते आणि कारणही तुला ठाऊक आहे: प्रोग्रॅमचे चिपच्या आज्ञांत भाषांतर करणारा आपला कंपायलर आणि त्या चिपची नक्कल करणारा आपला एम्युलेटर यांची तीच बाजू एकानेच लिहावी का, या ज्या मुद्द्यावर आपण भांडून वेगळे झालो, त्यावर तुझेच बरोबर होते असे लिहिण्याची माझी तयारी नव्हती. परवा रात्री तू माझ्याकडे ठेवून गेलेले मोटोरोलाच्या ६८००० चिपचे मॅन्युअल एका शंकेपायी उघडले आणि एएसएल या बिट डावीकडे सरकवणाऱ्या आज्ञेच्या पानावर तुझी पेन्सिलीची रेघ दिसली. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? प्रकृती ठीक आहे, पाठ अधूनमधून कुरकुरते, तेवढेच.

झाले असे. आपला कंपायलर खऱ्या यंत्रावर चालवणारा एक अनोळखी गृहस्थ तीन महिन्यांपूर्वी लिहू लागला की, त्याच्या चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये काही रेघा मध्येच उलट्या दिशेला वळतात. तोच प्रोग्रॅम मी आपल्या एम्युलेटरवर चालवला, तर सगळ्या रेघा सरळ. मी त्याला लिहिले की, यंत्र जुने आहे, आधी वीजपुरवठा तपासा. आणि पुढच्या पत्रात, कॅपेसिटर गळले असतील, ते बदला. त्या माणसाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून बोर्डावरचा एकेक कॅपेसिटर उतरवला, नवे डाखले, फोटो पाठवला आणि खाली लिहिले की रेघा अजून तशाच आहेत. तो फोटो मी बराच वेळ पाहत राहिलो. इतकी स्वच्छ डाखणी करणाऱ्या माणसाला मी त्याचे यंत्र बिघडले आहे असे दोनदा ठणकावून सांगितले होते, आणि माझ्याकडे पुरावा काय, तर आपलाच एम्युलेटर.

आता बग ऐक. डावीकडे सरकवण्याच्या आज्ञेनंतर, म्हणजे शिफ्टनंतर, उत्तर ऋण आहे का हे पाहायचे असेल, तर आपला कंपायलर आधी वेगळी टीएसटी ही तपासणीची आज्ञा घालत असे. शिफ्टने उत्तर ऋण असल्याची खूण, म्हणजे एन फ्लॅग, लावलेला असतोच, मग पुन्हा तपासणी कशाला, म्हणून मी टीएसटी गाळणारा पॅच लिहिला. फक्त एन पाहणारी बीएमआय ही उडीची आज्ञा वापरली असती तर काही बिघडले नसते. पण पुढची उडी मी बीएलटीच ठेवली, आणि बीएलटी एन व व्ही (उत्तर जागेत मावले नाही याची खूण) हे दोन्ही फ्लॅग पाहते. ते वेगळे असले तरच उडी मारते. टीएसटीनंतर व्ही नेहमी शून्य असतो, त्यामुळे तिथे चालून जाते. एएसएलनंतर मात्र सर्वांत वरचा बिट शिफ्ट चालू असताना केव्हाही बदलला, तरी व्ही लागतो. एक बाइट घे: ०१००००००, म्हणजे ६४. एक घर डावीकडे सरकवला की १०००००००, म्हणजे उणे १२८. एन लागला, व्हीही लागला, दोन्ही सारखे झाले आणि खऱ्या चिपवर बीएलटी उडी मारत नाही. रेघ वळते ती तिथे.

मग एम्युलेटरने हे का पकडले नाही? कारण त्यातही शिफ्टचा भाग माझाच होता. एएसएल आणि तिची जोडीदार आज्ञा एलएसएल यांचे उत्तर बिटन् बिट सारखे येते, म्हणून दोघींसाठी मी एकच फंक्शन लिहिले, आणि एलएसएलमध्ये व्ही नेहमी साफ होतो तसा तो एएसएललाही साफ करून टाकला. पीसीतल्या एक्स८६ चिपवर एसएएल आणि एसएचएल ही एकाच आज्ञेची दोन नावे आहेत. त्या सवयीचा हात इकडेही तसाच चालला. कंपायलर धरून चालला की व्ही शून्य असेल, एम्युलेटरने तो शून्य करून दिला, आणि सगळ्या टेस्ट हिरव्या. एकाच वकिलाने पढवलेले दोन साक्षीदार उलटतपासणीत डगमगत नाहीत, तसे ते दोघे दोन वर्षे ठाम उभे राहिले.

मॅन्युअलमधल्या व्ही फ्लॅगच्या त्या एका ओळीतल्या ‘केव्हाही’ या अर्थाच्या शब्दांखाली तू रेघ ओढली आहेस आणि समासात प्रश्नचिन्ह काढून माझ्या नावाचे आद्याक्षर लिहिले आहेस. म्हणजे तेव्हाच तू मला हे विचारणार होतास. विचारलेस का नाही, की विचारलेस आणि मी ऐकले नाही? मला खरेच आठवत नाही. ‘ज्याने कंपायलरची बाजू लिहिली त्याने एम्युलेटरची तीच बाजू लिहू नये’, हे तुझे वाक्य मात्र शब्दशः आठवते, आणि त्यावर ‘आपण दोघेच आहोत, तिसरा आणू कुठून’ हे माझे उत्तरही. सर मध्ये पडले नसते तर तू त्या रात्री माझ्यावर मॅन्युअल फेकले असतेस. सहाशेच्या वर पाने आहेत त्यात. बरे झाले नाही फेकलेस.

बग एका संध्याकाळी दुरुस्त झाला. फंक्शने वेगळी केली, बीएलटीच्या जागी बीएमआय आणली, आणि त्या गृहस्थाची क्षमा मागितली. त्याने दुसऱ्याच दिवशी रेघा सरळ आल्याचे कळवले आणि कॅपेसिटरचा उल्लेखही केला नाही. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते.

झोप उडाली आहे ती वेगळ्याच गोष्टीने. अशी किती ठिकाणे असतील, जिथे माझी एकच समजूत दोन्हीकडे बसली आहे? शिफ्टची संख्या रजिस्टरमधून आली आणि ती शून्य निघाली, तर सरकून बाहेर पडलेल्या बिटाचा सी फ्लॅग साफ होतो, त्याची प्रत ठेवणारा एक्स जसाच्या तसा राहतो. पण एक्समधून बिट फिरवणाऱ्या आरओएक्सएलमध्ये त्याच शून्याला सी एक्सची किंमत घेतो. हे मी वाचून लिहिले आहे, पण तेव्हाचे वाचणारे डोळेही माझेच होते. मोठ्या प्रकल्पांनाही या फ्लॅगांनी कमी छळलेले नाही. जीसीसी या कंपायलरात फ्लॅग अध्याहृत धरण्याची सीसी०ची जुनी पद्धत 2021 मध्ये काढून टाकली, पण त्याआधी, 2019 च्या अखेरीस, कोणीतरी बसून एम६८केचा, म्हणजे ६८००० च्या कुटुंबाचा, सगळा भाग नव्या पद्धतीत आणला म्हणून तो आज त्यात आहे. आणला नसता तर 1979 ची ही चिप त्या कंपायलरमधून गेली असती. इंटेलच्या इटॅनियम चिपचे पाहिलेस ना? सांभाळणारे उरले नाहीत आणि जानेवारी 2024 मध्ये आलेल्या लिनक्स ६.७ मधून ते बाहेर गेले. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर-संचात एम६८के 2021 मध्ये आले, तेही प्रायोगिक म्हणून. म्हणजे तपासणारे हात सगळीकडेच मोजके आहेत.

आणि माझ्याकडचा बोर्ड आता नाही. बॅकअप बॅटरी गळून तिचे पाणी तांब्याच्या रेघांवर गेले. मी पेटी उघडली तेव्हा सॉकेटच्या एका बाजूला हिरवा थर चढला होता आणि चिप काढताना दोन पाय तुटून आत राहिले. त्यामुळे तिसरा साक्षीदार, म्हणजे खरी चिप, आता फक्त तुझ्याकडे आहे.

तुझ्या त्या ८ मेगाहर्ट्झच्या ६८००० वर एक काम करशील का? आधी फक्त बाइटचे शिफ्ट, आणि तेही सरसकट, नमुना काढून नव्हे. २५६ किमती, शिफ्टच्या ६४ संख्या, एक्स लागलेला आणि न लागलेला, म्हणजे एका आज्ञेला ३२,७६८ नोंदी. शिफ्टला स्वतःला सगळ्या मिळून एक सेकंदही लागणार नाही. प्रत्येक नोंदीचे दोन बाइट, एक उत्तराचा आणि एक फ्लॅगांचा, ९६०० बॉडच्या सिरियल केबलने बाहेर काढायला मिनिटाहून थोडे जास्त लागेल. अशा आठ आज्ञा. प्रोग्रॅम मी असेंब्लीत लिहून सोबत ठेवला आहे, त्याला आपला कंपायलर लागलेला नाही; पण चालवण्याआधी तू प्रत्येक ओळ वाच, आणि शंका आली तर स्वतः नवा लिही, तेच मला जास्त आवडेल. एक लक्षात ठेव: फ्लॅग मी मूव्ह फ्रॉम एसआर या आज्ञेने वाचले आहेत, ते ६८००० वर चालते, पण ६८०१० पासून पुढे ती आज्ञा ऑपरेटिंग सिस्टिमसाठी राखीव झाली आहे, त्यामुळे हाच प्रोग्रॅम मोठ्या बोर्डावर टाकू नकोस.

तुझ्याकडून आलेली फाइल मी हात न लावता टेस्टमध्ये ठेवीन. तिच्याशी एम्युलेटर जुळला नाही तर एम्युलेटर चुकला, एवढाच नियम. उद्या तुझ्याही बोर्डाला काही झाले तरी त्या चिपने काय उत्तर दिले होते ते आपल्याकडे राहील. बॅटरी मात्र आजच काढून ठेव, हे पत्र संपण्याआधी उठलास तरी चालेल.

पॉइंटरच्या (मेमरीतल्या पत्त्याच्या) अलाइनमेंटचा, म्हणजे किमती किती बाइटांच्या पटीवर ठेवायच्या याचा, वाद मी सोडलेला नाही. इंट, म्हणजे पूर्णांक, दोन बाइटांवर बसतो म्हणून पॉइंटरच्या खालच्या दोन बिटांत खुणा लपवणारे प्रोग्रॅम कोसळतात, हे मान्य. तरीही चार बाइट केले की आजवरचा एकही जुना प्रोग्रॅम नव्याशी जुळणार नाही, आणि त्याला माझा विरोध कायम आहे. एका मुद्द्यावर हरलो म्हणून सगळ्यांवर हरलो असे धरू नकोस.

नवी नोकरी मानवली का? मुलीची परीक्षा कशी गेली, आणि वहिनींचे खांद्याचे ऑपरेशन झाले का, तेही कळव. मी विचारायला उशीर केला आहे.

फंक्शने वेगळी केली तो पॅच अजून मुख्य शाखेत घातलेला नाही. तो तू तपासावास आणि तपासणाऱ्याच्या जागी तुझे नाव असावे असे मला वाटते. वाट पाहतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझाच