संजूचे कागद वाचले

लष्कर, ग्वाल्हेर
१० ऑगस्ट २०२५

प्रिय अविनाश,

परवा फोनवर तू म्हणालास, "आता आठ वर्षं झाली, उकरून काय मिळणार?" तेव्हा मी गप्प बसलो, कारण कागद वाचून व्हायचे होते. काकूंनी दिलेली पिशवी आता पूर्ण वाचली. तुला स्पष्टच लिहितो. संजूला फौजेतून बेशिस्त म्हणून घरी पाठवलं गेलं, आणि ज्याला बेशिस्त म्हटलं ती त्याच्या आजाराची लक्षणं होती. हे त्याच्याच पलटणीच्या कागदांत लिहिलेलं आहे. त्याच्या डिस्चार्जची फेरतपासणी मागायलाच हवी, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी क्रम सांगतो, कारण तू तेव्हा नाशिकला होतास आणि तुझ्यापर्यंत सगळं तुटक-तुटक आलं. २००६ ला भरती. पहिली आठ वर्षं एक वाईट शेरा नाही. मग काश्मीरमध्ये दहशतवादविरोधी मोहिमेवर दुसऱ्यांदा पोस्टिंग, आणि २०१५ च्या हिवाळ्यात लष्करी रुग्णालयाच्या मनोविकार वॉर्डात भरती. निदान गंभीर नैराश्य, सोबत भास. त्याची वैद्यकीय कॅटेगरी तात्पुरती खाली आणली, गोळ्या दिल्या आणि परत पलटणीत पाठवलं. त्यानंतरच्या दीड वर्षात चार लाल शाईच्या नोंदी, म्हणजे सेवापत्रकावर चढणाऱ्या शिक्षेच्या नोंदी: दोन सुट्टी संपल्यावर वेळेत न परतल्याच्या, एक ड्यूटीवर दारू प्यायल्याची, एक हुकूम न मानल्याची. २०१७ ला शो कॉज नोटीस आणि तीन महिन्यांत आर्मी रूल १३(३) च्या तक्त्यातल्या तीन-पाच कलमाखाली डिस्चार्ज, म्हणजे 'सेवेची गरज उरली नाही'. नोकरी अकरा वर्षांची. जवानाला पेन्शनला पंधरा लागतात, म्हणून पेन्शन नाही, आणि पेन्शन नाही म्हणून ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, औषधपाणीही नाही. काकू त्याच्या गोळ्या स्वतःच्या फॅमिली पेन्शनमधून आणतात, हे तुला माहीत आहे का?

त्या पिशवीत एक कागद आहे तो तू स्वतः वाचावास असं मला फार वाटतं. एएफएमएसएफ-१० नावाचा फॉर्म. जवानाला मनोविकार तज्ज्ञाकडे पाठवतात तेव्हा त्याचा कमांडिंग ऑफिसर हा भरून देतो: माणूस कामात कसा, वागण्यात काय फरक पडला, दारू किती, सोबत्यांशी कसा. संजूच्या फॉर्मवर साहेबांनी निळ्या शाईत लिहिलंय की हा मेहनती आणि भरवशाचा जवान होता, गेल्या काही महिन्यांपासून एकटा बसतो, रात्री झोपत नाही, बोलावलं तर ओ देत नाही, आधी पीत नव्हता तो आता पितो. खाली सही, शिक्का, डिसेंबर २०१५. आता डिस्चार्जच्या वेळची टिपणी बघ. तिथे तोच माणूस 'सवयीचा गुन्हेगार, सुधारण्याची आशा नाही'. मधे साहेब बदलले होते. नव्यांनी जुना फॉर्म पाहिला होता याची एका शब्दाची खूण त्या टिपणीत नाही. रुग्णालयाचा उल्लेख नाही, कॅटेगरीचा नाही.

आणि नोटिशीला दिलेलं उत्तर. "मला काही म्हणायचं नाही." एवढं एकच वाक्य हिंदीत, सुंदर वळणदार अक्षरात. संजूचं अक्षर तू आणि मी शाळेपासून ओळखतो, ते त्याचं नाही. सही मात्र त्याची आहे, खाली घसरत गेलेली. हे पाहून माझा जीव कळवळला रे. ज्याला आपल्यावर काय चाललंय हे समजत नव्हतं, त्याच्याकडून हे घेतलं गेलं.

पलटणीच्या बाजूनेही मी विचार केला. रायफल हातात असलेला माणूस रात्री पहाऱ्यावर भानावर नसेल तर अख्ख्या कंपनीचा जीव टांगणीला लागतो. त्याला तिथून हलवणं बरोबरच होतं. पण हलवायचे दोन रस्ते होते. मेडिकल बोर्डापुढे नेऊन अपात्र ठरवून पाठवलं असतं तर त्याच तक्त्यातलं वेगळं कलम लागलं असतं. मग आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेत बळावला आणि अपंगत्व वीस टक्के किंवा जास्त आहे असं ठरलं, की अपंगत्व पेन्शन. तसं ठरलं नसतं तरी दहा वर्षं झालेली होती, म्हणजे इनव्हॅलिड पेन्शनचा, आजाराने नोकरीला अपात्र ठरलेल्याला मिळते तिचा, हक्क होता. एकच माणूस, एकच आजार. एका दाराने गेला असता तर आजारी सैनिक, दुसऱ्या दाराने ढकलला म्हणून नालायक.

कायदा आपल्या बाजूला आहे, हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही. चार लाल नोंदी झाल्या की आपोआप घरी, असा समज फौजेत पक्का आहे. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१५ मध्येच सांगितलं की चार नोंदी एवढं कारण पुरत नाही. आधी नीट चौकशी हवी, नोकरी किती झाली, माणूस कुठल्या कठीण जागी राहिला, हे तोलायला हवं. संजूला काढलं ते या निकालानंतर, २०१७ मध्ये. आजाराबद्दल २०१३ चा निकाल आहे: भरतीच्या वेळी वैद्यकीय कागदात आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असं धरायचं, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. त्याच वर्षी सिग्नल कोअरमधल्या, १९७७ ला स्किझोफ्रेनियाचं निदान करून घरी पाठवलेल्या एका जवानासाठी कोर्टाने नव्याने मेडिकल बोर्ड बसवायला लावलं. विचार कर, छत्तीस वर्षांनी! आणि या मे महिन्यात स्किझोफ्रेनियाच्याच दुसऱ्या एका प्रकरणात कोर्टाने म्हटलं की बोर्डाने नुसता निष्कर्ष लिहून चालत नाही, कारणं द्यावी लागतात. आठ वर्षांचं ओझं तू एवढं का घेतोस?

अमेरिकेतही हाच प्रश्न व्हिएतनामपासून कुजत होता. तिथे २०१४ मध्ये संरक्षण मंत्री चक हेगेल यांनी फेरतपासणी मंडळांना सांगितलं की युद्धाच्या मानसिक आघाताचे अर्ज उदार मनाने पाहा, आणि २०१७ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने त्यासाठी चार प्रश्न ठरवून दिले. आजार होता का, सेवेत असताना होता का, त्या वागण्याचं कारण तो ठरतो का, आणि डिस्चार्जच्या कारणापेक्षा त्याचं पारडं जड आहे का. आपल्याकडे ते लागू नाहीत, पण संजूची फाइल मी हेच चार प्रश्न समोर ठेवून वाचली. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर पलटणीनेच लिहून ठेवलंय. तिसऱ्यासाठी तारखा पुरेशा आहेत, चारही नोंदी वॉर्डातून सुटल्यानंतरच्या. चौथं फौजेच्या न्यायाधिकरणाने ठरवायचं.

आपलं काम सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या जबलपूर खंडपीठापुढे चालेल. मुदत सहा महिन्यांची असते, म्हणून उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत द्यावा लागेल. त्याला आजार हेच कारण पुरेसं सबळ आहे. रेकॉर्ड ऑफिसकडे उरलेल्या कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज मी तयार केला आहे. इथल्या डॉक्टरांचे कागद संजू स्वतः मागू शकतो, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो त्याचा हक्क आहे. वकीलपत्रावर सहीही तोच करेल. तो आता बरा आहे, अविनाश. मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्याने दोनच प्रश्न विचारले, दोन्ही मुद्द्याचे. एक, थकबाकी किती मिळेल. खरं सांगितलं: बहुतेक अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच. दुसरा, "बंडूदादा, त्या बुकातलं बदलेल का?" म्हणजे डिस्चार्ज बुकात लिहिलेलं कारण.

खात्री मी कोणालाच देत नाही. कदाचित नुसतं नवं मेडिकल बोर्ड बसेल, कदाचित अर्ज फेटाळलाही जाईल. पण तू ज्या कारणाने कचरतोस ते मला ठाऊक आहे. मीनूचं लग्न ठरतंय, आणि व्याह्यांच्या कानावर 'काका वेडा' हे जायला नको. आज त्यांच्या कानावर काय जाईल? काका दारुडा, फौजेतून हाकललेला. दौलतगंजात लोक हेच बोलतात, काकू मंडईत जातात तेव्हा त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. आजारी होता, उपचार घेतले, सावरला, यात लपवण्यासारखं काय आहे? ज्या घराला हे ऐकून लग्न मोडावंसं वाटेल त्या घरात मीनूला देऊच नकोस. जरा जास्त बोललो असेन, पण तिला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, तेवढा हक्क आहे.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. संजूने काश्मीरमधून तुला पत्रं लिहिली होती. "झाडांमागे कोणीतरी उभं असतं" असं ज्यात लिहिलं होतं, ते तू मला तेव्हा फोनवर वाचून दाखवलं होतंस. ती सगळी पाकिटांसकट हवीत, टपालाच्या शिक्क्यावरची तारीख महत्त्वाची आहे. आणि तुझं शपथपत्र: त्या वर्षीच्या सुट्टीत तो घरी कसा वागला, परत जायच्या दिवशी स्टेशनवर काय झालं. जसं घडलं तसंच लिही, त्याला बरं दिसावं म्हणून काही गाळू नकोस. मूळ पत्रं कुरिअरने पाठवू नको, गणपतीला येशील तेव्हा स्वतः घेऊन ये. तोपर्यंत झेरॉक्स पाठव, म्हणजे मला मसुदा पुढे नेता येईल.

वहिनींना नमस्कार, मीनूला आशीर्वाद.

तुझा,
बंडू

ता. क. काकूंना या पत्राचं सांगितलेलं नाही. तू आधी संजूशी बोल, मग त्या दोघांशी एकत्र बोलू.