एक स्विच चालू करून द्या, नवा सर्व्हर नको

प्रति,
व्यवस्थापक, सेवा विभाग

विषय : सर्व्हरवर चुकीचा बसवलेला हायपरवायझर (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) आणि बायोसचा (सर्व्हरच्या मूळ सेटिंगचा) पासवर्ड देण्यास नकार

महोदय,

निपाणीच्या आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरचा प्रोसेसर व्हर्च्युअलायझेशनला, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक मशीन चालवण्याला, सपोर्टच करत नाही, असे आज दुपारी तुमच्या सेवा केंद्रातल्या माणसाने मला फोनवर सांगितले, आणि लगोलग वरच्या मॉडेलचे कोटेशन पाठवले. तक्रारीला उत्तर येत नाही, कोटेशन मात्र फोन ठेवायच्या आत येते. ते वाचून हे पत्र लिहायला बसलो आहे.

सर्व्हर तुमचा आहे. त्यात झिऑन प्रोसेसर आहे आणि तुमच्याच माहितीपत्रकात त्याच्यापुढे 'इंटेल व्हीटी-एक्स', म्हणजे व्हर्च्युअलायझेशनची सोय, असे छापलेले आहे. इंटेलने ही सोय 2005 सालीच बाजारात आणली. आपण काय विकले हे विकणाऱ्यालाच माहीत नसेल, तर घेणाऱ्याने कोणाला विचारायचे?

ऑर्डर देताना आम्ही मोघम काहीही लिहिले नव्हते. उबुंटू सर्व्हर 24.04 ही लिनक्स प्रणाली, त्यावर केव्हीएम हा हायपरवायझर, आणि त्यात तीन व्हर्च्युअल मशीन : एकात विंडोज सर्व्हरवर चालणारे आमचे हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर, दुसऱ्यात डेटाबेस, तिसऱ्यात पिग्मीच्या मशीनमधून येणारा भरणा. केव्हीएमच का, हेही तुमच्या विक्री प्रतिनिधीला समोर बसवून सांगितले होते. केव्हीएम 2007 पासून, 2.6.20 या आवृत्तीपासून, लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. कर्नल अपडेट झाला की तेही सोबत येते. व्हर्च्युअलबॉक्स या दुसऱ्या हायपरवायझरचे कर्नल मॉड्यूल वेगळे बांधावे लागते, आणि एखाद्या अपडेटनंतर ते बांधले गेले नाही तर सकाळी काउंटर उघडल्यावर एकही मशीन सुरू होत नाही. व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने 2023 च्या नोव्हेंबरात घेतली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तिचे ईएसएक्सआय हे असेच मोफत सॉफ्टवेअर बंद केले. पुढे ते परत आणले, पण मालकाच्या मर्जीवर चालणाऱ्या गोष्टीवर खातेदारांचे हिशेब ठेवायला आमचे संचालक मंडळ तयार नव्हते. झेन हेही असेच सॉफ्टवेअर, चांगले आहे, पण आमच्या भागात ते सांभाळणारा माणूस मिळत नाही. तुमच्या प्रतिनिधीने सगळे ऐकले, मान डोलावली आणि 'हेच बसवून देतो' म्हणाला.

बसवले काय? तुमच्या इंजिनिअरने वर्ट-मॅनेजर हा व्हर्च्युअल मशीन सांभाळणारा प्रोग्रॅम उघडला. नवीन मशीन तयार करायच्या पहिल्याच पडद्यावर पिवळी सूचना आली : केव्हीएम उपलब्ध नाही, मशीन संथ चालण्याची शक्यता आहे. आमची ऑपरेटर शेजारी उभी होती. तिने बोट दाखवून विचारले, हे काय? 'ते येतंच,' म्हणून त्याने पुढचे बटण दाबले. बायोसमध्ये व्हीटी-एक्स बंद होते, ते चालू करायला हवे होते. ते न केल्यामुळे केव्हीएम आलेच नाही, आणि तिन्ही मशीन नुसत्या क्यूईएमयूच्या सॉफ्टवेअर एम्युलेशनवर चालू झाली, म्हणजे प्रोसेसरने थेट करायचे काम सॉफ्टवेअर एकेक सूचना भाषांतरित करून करते आहे. आजही 'वर्श डंपएक्सएमएल' ही आज्ञा दिली की पहिल्याच ओळीत डोमेनचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचा, प्रकार 'केव्हीएम' नव्हे, 'क्यूईएमयू' दिसतो. इन्स्टॉलेशन रिपोर्टवर मात्र 'केव्हीएम बसवले' असे लिहून तुमचा शिक्का मारलेला आहे. हा रिपोर्ट खोटा आहे, आणि मी हा शब्द विचार करून वापरतो आहे.

नेटवर्कही डीफॉल्ट नॅटवरच, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या वेगळ्या नेटवर्कवर, सोडून गेला. मशीनना 192.168.122 चे पत्ते, काउंटरचे संगणक वेगळ्याच नेटवर्कवर. एकमेकांना दिसणार कसे? दोघांना जोडणारा ब्रिज आमच्या ऑपरेटरने उबुंटूच्या नेटप्लॅन या नेटवर्क सेटिंगमध्ये लिहून स्वतः बांधला. त्याचे आता काही म्हणणे नाही.

जुन्या सर्व्हरवर दिवसअखेर संध्याकाळीच उरकायची. आता मशीन संथ झाल्यामुळे कर्मचारी रात्री उशिरापर्यंत ताटकळतात. आमचे बरेचसे खातेदार बिडी कामगार बायका आणि तंबाखूच्या वखारीतले मजूर आहेत. पिग्मीचे दहा-वीस रुपये भरलेले पासबुकात दिसले नाहीत, तर त्या बाईला हायपरवायझर काय सांगू? ती एजंटाचा हात धरते आणि एजंट माझ्या टेबलाशी येतो.

आता आजच्या फोनबद्दल, कारण तो रेकॉर्ड झाला आहे असे तुमचीच यंत्रणा सांगत होती. जरूर ऐका.

मी म्हटले, केव्हीएम चालू असले की दिसणारी '/डेव्ह/केव्हीएम' ही फाइल सर्व्हरवर नाही, आणि कर्नलच्या लॉगमध्ये व्हीएमएक्स (व्हीटी-एक्सचेच दुसरे नाव) बायोसने बंद केल्याची ओळ आहे. तुमचा माणूस म्हणाला, 'सर, सर्व्हर एकदा रिस्टार्ट करून बघा.' बायोसमध्ये बंद असलेली गोष्ट रिस्टार्टने चालू होत नाही, असे मी सांगितले. 'रॅम किती आहे?' 64 जीबी, निम्मी मोकळी. 'मग 128 करून घ्या.' जखम मांडीला आणि मलम शेंडीला! मग होल्डवर ठेवले. परत आला आणि म्हणाला, 'सर, तुमच्या गावात कॉम्प्युटरमधलं कोणी जाणकार आहे का? त्यांना फोन द्या ना, तुम्हाला समजावणं अवघड जातंय.'

फोन स्पीकरवर होता. ज्या ऑपरेटर मुलीने लॉग उघडून दोष शोधला ती माझ्यासमोर बसली होती. तिने ती ओळ अक्षर न् अक्षर वाचून दाखवली. यावर तुमचा माणूस म्हणाला, 'मॅडम, तुम्ही हे गूगलवर वाचलं असेल.' ती ओळ तुमच्याच सर्व्हरच्या पडद्यावर होती! मग त्याने तिला प्रोसेसरच्या माहितीत 'व्हीएमएक्स' शोधायला लावले, शून्य आले, आणि त्याने निकाल दिला : 'म्हणजे प्रोसेसरमध्ये नाहीच.' बायोसने कुलूप घातले असेल तर हल्लीचा कर्नल 'व्हीएमएक्स' ही खूण (फ्लॅग) स्वतःच लपवतो. एवढे ज्याला माहीत नाही तो आमच्या गावात जाणकार आहे का म्हणून विचारतो. त्या मुलीचा चेहरा मी पाहिला आहे. या एका वाक्याबद्दल तिला लेखी माफी मिळाली पाहिजे.

आम्ही स्वतः का करत नाही? कारण बायोसला तुमच्या इंजिनिअरने पासवर्ड घालून ठेवला आहे. मागितला तर 'पॉलिसीत बसत नाही', आणि दुसऱ्या मार्गाने काढला तर वॉरंटी रद्द. आमच्या पैशाचा सर्व्हर, आमच्या इमारतीत, आणि त्याची किल्ली तुमच्या खिशात.

इंजिनिअर पाठवा म्हटले तर वेगळेच. बिल तुमच्या पुणे कार्यालयाचे, त्यावर आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा कर, भरलेला. पुणे म्हणते, पिनकोड 591 ने सुरू होतो, तुम्ही कर्नाटकात, बेंगळुरूला बोला. बेंगळुरू म्हणते, बिल पुण्याचे आहे, तिकडेच बोला. निपाणीहून तुमचे कोल्हापूरचे केंद्र 40 किलोमीटरवर आहे आणि बेंगळुरू 500 च्या वर. सीमेवर राहतो म्हणून दोन्हीकडून टोलवले जाणे आम्हाला नवीन नाही. सरकार दरबारी ते सोसतो. रोख पैसे मोजून घेतलेल्या मालासाठी ते सोसणार नाही.

माझे मागणे असे. कोल्हापूरहून इंजिनिअर पाठवा किंवा बायोसचा पासवर्ड लेखी द्या. व्हीटी-एक्स चालू करून सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. नुसते तेवढे करून निघून जायचे नाही : तिन्ही मशीनचे डोमेन 'केव्हीएम' प्रकारात बदला, आणि विंडोजच्या मशीनच्या डिस्कचा प्रकार केव्हीएमसाठीचा व्हर्टआयओ ड्रायव्हर आधी बसवून मगच बदला, नाहीतर ती बूटच होणार नाही. काम सुरू करण्यापूर्वी आमच्या ऑपरेटरला बॅकअप घेऊ द्या. इन्स्टॉलेशनचा खोटा रिपोर्ट रद्द करून खरा द्या. कोटेशन मागे घ्या.

31 मार्चच्या ताळेबंदाआधी हे झाले नाही, तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याचा ठराव संचालक मंडळ करणार आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे आहे तिथेच तक्रार करता येते, तेव्हा पुणे की बेंगळुरू हा तुमचा वाद तिथे चालणार नाही. तालुक्यातल्या इतर सौहार्द संस्था सर्व्हर घेण्याआधी आम्हाला विचारतात. आजवर आम्ही तुमचेच नाव सांगत आलो.

इंजिनिअर पाठवाल तेव्हा त्याने फोन मला नाही, आमच्या ऑपरेटरला करावा.

व्यवस्थापक,
सौहार्द सहकारी पतसंस्था, निपाणी, जि. बेळगाव

सोबत : खरेदी आदेश, बिल, इन्स्टॉलेशन रिपोर्ट, कर्नल लॉगची प्रत