झेरॉक्सच्या दुकानात राहिलेला ग्रुप

मा. संपादक,

परवा कलेक्टर ऑफिसला द्यायच्या निवेदनाची प्रिंट काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलतो, व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं तर कुणाचंतरी आधीच चालू. बघतो तर आमच्याच पंचगंगा प्रदूषणाच्या ग्रुपमधले एक काका! सगळ्यांचे नंबर, रविवारी कोण कुठं जमणार, नदीत मिसळणाऱ्या काळ्या पाण्याचे फोटो कुठल्या पोरानं काढले, सगळं उघडं पडलेलं. काकांना फोन लावला तर म्हणाले, "अरे मी चार दिवसांपूर्वीच बंद करून आलोय की." पण नुसती खिडकी बंद करून लॉगआउट होत नाही हो, आपण फोन वापरत राहिलो की ते तसंच चालू राहतंय. मोबाइलवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस (आपलं अकाउंट कुठं-कुठं चालू आहे त्याची यादी) उघडायचं आणि अनोळखी दिसेल ते तिथूनच काढून टाकायचं. मी माझं उघडलं तर त्यात एक जुनं सापडलं, मग काकांना काय बोलणार.

टपरीवर पेगासस या फोनमध्ये घुसून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरवर तासभर चर्चा करतो आपण आणि इकडं ही गत.

"आपण काय चोरी करतोय काय, बघू दे की" असं बरेच जण म्हणतात. बरोबर हाय, पण फोटो काढणाऱ्या पोराचा भाऊ ते पाणी जिथून येतंय त्याच एमआयडीसीत कामाला असला तर? त्याची नोकरी गेली तर आपण देणार हाय काय?

दुसरं ते व्हॉट्सअ‍ॅप सुरू करताना येणाऱ्या सहा आकडी कोडचं. ग्रुपमधल्या एका ताईंना ओळखीच्याच नंबरवरून मेसेज, "चुकून तुमच्याकडं कोड आलाय, पाठवा". त्यांनी पाठवला आणि अकाउंट गेलं, वर त्यांच्याच नावानं ग्रुपवर मेसेज पडला की उद्याचं आंदोलन रद्द, निम्मी माणसं घरी बसली. आपल्या नंबरनं परत रजिस्टर केलं की समोरचा बाहेर पडतो, पण त्यानं मधल्या वेळात पिन लावला तर सात दिवस थांबावं लागतं. म्हणून टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन (कोडशिवाय आणखी एक आपला गुप्त आकडा) आपणच आधी लावायचा, दोन मिनिटांचं काम. काही ठरलेलं असंल तर फोन करूनच खात्री करायची.

आणि चार-पाच जणांचे नंबर वहीत लिहून ठेवा, २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात नेट बंद झालतं तेव्हा कुणाला कुणाचा नंबर पाठ नव्हता.

काकांनी आता पिन लावलाय. चिठ्ठीवर लिहून फोनच्या कव्हरमागं ठेवलाय.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर