कार्डं लावण्याआधी

दादर, मुंबई

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

मरोळच्या कारखान्यात पुढच्या महिन्यापासून कानबान (ट्रेवरचं कार्ड मागच्या मशीनकडे गेलं की तेवढेच नग बनवायचे, ही पद्धत) सुरू होतंय, कार्डं छापून झालीत आणि प्रशिक्षणाला अर्धा तास ठेवलाय, असं परवा फोनवर म्हणालास. तो अर्धा तास मला खटकला, म्हणून लिहितेय.

तू सांगितलेलेच आकडे घे. असेंब्लीला मिनिटाला एक नग लागतो. ट्रेमध्ये 40 नग, आणि कार्ड गेल्यापासून भरलेला ट्रे यायला 240 मिनिटं. दहा टक्के राखीव धरून 264 नग, दर ट्रेला एक कार्ड, म्हणून 7 कार्डं. सात ट्रे 280 मिनिटं पुरतात, म्हणजे सवड फक्त 40 मिनिटांची. कार्ड काढायचं ते ट्रेमधला पहिला नग उचलताना. हे का, ते ऑपरेटरला कळलं नाही तर तो ट्रे रिकामा झाल्यावरच काढेल. त्याला तेच सरळ वाटणार. कार्ड 40 मिनिटं उशिरा जातं आणि सगळी सवड तिथेच संपते. मग मागच्या मशीनवर एक टूल तुटलं तरी लाइन थांबते. सुपरवायझर गुपचूप दोन ट्रे जास्तीचे ठेवतो, आणि खापर कानबानवर फुटतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या कामगारांना झटपट तयार करायला टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, म्हणजे कारखान्यातच प्रशिक्षण) हा कार्यक्रम निघाला. पुढे टोयोटानेही तो उचलला. त्यातली शिकवायची रीत तुला उपयोगी पडेल. आधी माणसाला मोकळं कर, त्याला किती येतं ते विचार. मग करून दाखव: एकदा नुसत्या पायऱ्या, पुन्हा करताना प्रत्येक पायरीतली खुबी, आणि तिसऱ्यांदा त्या खुबीचं कारण. नंतर त्याच्याकडून करवून घे, आणि कारण त्याच्या तोंडून येईपर्यंत सोडू नकोस. शेवटी रोज जाऊन बघ, हळूहळू फेऱ्या कमी कर. हे सगळं लाइनवर, खऱ्या ट्रेसह. पडद्यावरच्या स्लाइड दाखवून हात बसत नाही.

सुपरवायझरना आधी शिकव, कारण ऑपरेटर अडला की त्यांनाच विचारतो. ट्रे नेणारे कंत्राटी हेल्पर यादीतून हमखास सुटतात. कार्ड तर त्यांच्याच हातातून जातं. बदली हेल्पर आला की त्यालाही पहिल्यापासून.

रात्रपाळीला मात्र निरोप धाडू नकोस, स्वतः जा. त्या आठवड्यात रविवारी घरी आला नाहीस तरी चालेल.

तुझी,
आई