कुत्र्याचे औषध, मांजरीचा जीव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊन तापू लागले की आपल्या खानदेशात कुत्र्यांच्या अंगावर गोचीड वाढतात आणि त्यावरची औषधे दुकानांतून सर्रास विकली जातात. ज्यांच्या घरी कुत्र्यासोबत मांजरही आहे, त्यांनी ती वापरण्यापूर्वी माझा अनुभव वाचावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

भुसावळच्या आमच्या घरात दोन गावठी कुत्री आणि दोन मांजरी आहेत. गेल्या वैशाखात थोरल्या कुत्र्याच्या कानात गोचीड झाले, म्हणून मी मानेवर टाकायचे थेंब विकत आणले. घरात आणखी कोणते जनावर आहे का, हे विकणाऱ्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. औषध टाकून तासभरही झाला नसेल, तोच आमची मनी रोजच्या सवयीने त्याच्या कुशीत शिरली आणि त्याची मान चाटू लागली. दिवेलागणीला तिचे कान फडफडू लागले, तोंडातून लाळ गळू लागली आणि पाहता पाहता सर्वांग थरथरू लागले. पशुवैद्यकांनी फोनवरून सांगितल्याप्रमाणे भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात तिचे अंग धुऊन तिला तातडीने दवाखान्यात नेले. दोन दिवसांच्या उपचारांनंतर ती वाचली. त्या थेंबांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक होते. कुत्र्याला ते सोसते, पण मांजरीच्या यकृताला त्याचा निचरा पुरेसा करता येत नाही. पाकिटावर बारीक इंग्रजी अक्षरांत तशी सूचना होती, जी मी चष्मा लावून वाचली ती मनी घरी आल्यावर.

कुत्र्या-मांजरांचे विळ्याभोपळ्याचे सख्य असते असे आपण धरून चालतो. आमच्याकडे ते खरे असते तर मनी त्या मानेजवळ फिरकलीही नसती. हे सख्य मात्र आपोआप झाले नव्हते. मनी आली तेव्हा पहिले आठ-दहा दिवस ती मागच्या खोलीतच होती आणि कुत्र्याच्या अंथरुणातील गोणपाट तिच्याकडे, तर तिच्याखालची चिंधी कुत्र्याकडे ठेवून दोघांना आधी एकमेकांच्या वासाची सवय केली. मग जाळीच्या दाराआडून, आणि शेवटी कुत्रा साखळीला असताना समोरासमोर भेट घडवली. मांजरीला पळून वर बसता येईल असे एक फडताळही रिकामे करून दिले (त्यावरून घरात थोडी कुरबुर झाली, ती अजून चालू आहे). पहिल्याच दिवशी दोघांना एका खोलीत सोडायचे आणि फिस्कारले-भुंकले की नवे पिलू बाजारपेठेत सोडून यायचे, हा प्रकार मी आमच्याच गल्लीत तीनदा पाहिला आहे.

ताटल्याही वेगळ्याच हव्यात. मांजरीला टॉरिन हा घटक मांसाहारातून मिळावा लागतो, त्यामुळे कुत्र्याच्या उरलेल्या खाण्यावर तिला पोसता येत नाही. हिवाळ्यात भरीत उरले की ते कुत्र्यापुढे सरकवण्याची आपली पद्धत तर सोडायलाच हवी, कारण त्यातील कांद्याची पात आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. रेबीजची लस घरातल्या प्रत्येक कुत्र्याला आणि मांजरीलाही हवी; ‘मांजर कुठे बाहेर जाते’ हे कारण मी पुष्कळदा ऐकले आहे.

औषध विक्रेत्यांना माझी विनंती आहे की कुत्र्याचे गोचीडनाशक देताना ‘घरात मांजर आहे का?’ एवढे विचारावे, आणि उत्पादकांनी पाकिटाच्या दर्शनी बाजूस फुली मारलेले मांजरीचे चित्र छापून त्याखाली मराठीत इशारा द्यावा. तोवर घरातल्या मंडळींनी असे औषध पशुवैद्यकांना विचारूनच आणावे आणि ते टाकल्यावर त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत, निदान औषध पूर्ण वाळेपर्यंत, मांजरीला दुसऱ्या खोलीत ठेवावे. आमच्याकडे आता त्या दिवशी मनी दार ओरबाडत बसते, पण दार उघडले जात नाही.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी,
भुसावळ