पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या दादांना, केबलवरच्या लेबलांबद्दल

सप्रेम नमस्कार दादा,

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडं लिहितोय. तुमच्या दुकानाच्या काऊंटरवर उभं राहून छोट्या कॉम्प्युटरबद्दल जे शिकायला मिळालं, ते आमच्या चौघांपुरतं ठेवणं बरं वाटेना.

आम्ही कामासाठी सतत बाहेरगावी असतो आणि आठ इंची टच स्क्रीनचा छोटा कॉम्प्युटर वापरतो, जीपीडी पॉकेट ३. वजन ७२५ ग्रॅम, स्क्रीन १९२० बाय १२००, बॅटरी ३८.५ वॉट-अवर, आणि स्क्रीन गोल फिरवून उलटी दुमडली की हातात पाटी, म्हणजे टॅब्लेट. असं मशीन घेताना जो तो प्रोसेसर आणि रॅम विचारतो. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "केबल कुठली लावता?" सगळं त्या प्रश्नापासून सुरू झालं, म्हणून आभारही तिथूनच.

तुमचा तो काडेपेटीएवढा यूएसबी मीटर आता आमच्याही पिशवीत आहे. चार्जर आणि मशीन यांच्यामध्ये तो लावायचा आणि आकडा वाचायचा. २० व्होल्ट, २ अँपिअरच्या आसपास दिसलं तर ४० वॉट जातायत, काळजी नाही. ५ व्होल्टवरच अडकलं तर चार्जर आणि मशीनचं बोलणंच झालेलं नाही. स्क्रीनवर बॅटरीपाशी प्लगची खूण दिसते, माणूस निर्धास्त काम करत बसतो आणि टक्के खालीच जातात. कारण बहुतेक वेळा केबलच असतं: एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी-ए असेल तर ती फोनची केबल, तिच्यातून पीडीचे (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे चार्जर आणि मशीननं आपसात ठरवून जास्त व्होल्ट द्यायची पद्धत) २० व्होल्ट येत नाहीत. दोन्ही टोकं टाइप-सी हवीत. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्यापुढे ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. बाहेरून सगळ्या काळ्या आणि सारख्याच. म्हणून तुम्ही प्रत्येक केबल मीटरवर तपासून तिच्या मानेला पांढरं लेबल गुंडाळलंत आणि मार्करनं लिहिलंत: "६०", "१००", "फक्त फोन". रात्री लॉजच्या खोलीत अंधारात पिशवीत हात घातला की बोटाला आधी ते लेबल लागतं. त्याचं मोल आम्हाला विचारा.

पॉवर बँकेचंही तसंच. डब्यावर ठळक छापलेले "२२.५ वॉट" बघून घेऊ नका, मागच्या बारीक अक्षरांतली आउटपुटची ओळ वाचा, तिथे २० व्होल्ट नसेल तर ती फोनची बँक, हे तुम्ही तिथल्या तिथे दाखवून दिलंत. हिशेबही करून दिलात: २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-अवर. व्होल्टेज चढवताना काही उष्णतेत जातात, हाती येतात साधारण ६०. म्हणजे आमचं मशीन दीड वेळा भरतं, तीन वेळा नाही. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बँक विनापरवानगी सोबत नेता येते, पण केबिन बॅगेतच, आणि तपासणीवाल्यांना आकडा छापलेला दिसावा लागतो. तो छाप घामानं, घासून पुसट होतो. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावायची युक्ती तुमची.

रेल्वेसाठी तुम्ही दिलेला एक मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड आम्हाला आधी ओझं वाटला होता. पण ६५ वॉटचा चार्जर जड असतो आणि डब्यातल्या सैल सॉकेटमधून गाडी हलली की लोंबकळून निसटतो. बोर्डाचा पिन हलका, तो टिकतो. डब्यांत पुष्कळदा ११० व्होल्टच येतात. चार्जरवर १००–२४० छापलेलं असलं की भागतं. पुष्कळ गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवतात, तेव्हा रात्री काम करायचं असेल तर साडेदहाच्या आत मशीन भरून घ्यायचं.

आता झाकणाचं. मशीन बंद करून पिशवीत टाकावं आणि दोन तासांनी काढावं तर तापलेलं आणि बॅटरी तळाला, ही अशा सगळ्या छोट्या मशीनांची तक्रार. तुम्ही कारण समजावलंत ते फार मोलाचं होतं: हल्लीची स्लीप ही खरी झोप नव्हे. नेटवर्क जागं असतं, अपडेट आलं की मशीन हळूच उठतं, आणि पिशवीत पंख्याला हवा मिळत नाही. इलाज पाच मिनिटांचा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, झाकण मिटल्यावर काय करायचं ते निवडायचं पान. तिथे बॅटरी आणि प्लग दोन्ही रकान्यांत हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर (एसएसडीवर) उतरवून मशीन पूर्ण बंद. यादीत हायबरनेट दिसतच नसेल तर अ‍ॅडमिन म्हणून टर्मिनल उघडून पॉवरसीएफजी (powercfg), मग जागा सोडून तिरकी रेघ आणि एच, पुन्हा जागा सोडून ऑन. १६ जीबी रॅमला एसएसडीवर साधारण ६ जीबी जागा जाते, आणि उघडताना थोडं थांबावं लागतं. एवढं देऊन संध्याकाळी बॅटरी शिल्लक राहते. निघण्याआधी विंडोज अपडेट पुढे ढकलायचं आणि फोनच्या हॉटस्पॉटला मीटर्ड (डेटा जपून वापरायचं) कनेक्शन करून ठेवायचं, नाहीतर दिवसाचा डेटा मशीनच पिऊन टाकतं.

टच स्क्रीन वेडी झाली की लोक ती बदलायला धावतात. बोट न लावता खिडक्या उघडतात, अक्षरं आपोआप उमटतात. तुम्ही स्क्रीनला हात न लावता आधी चार्जर काढायला सांगितलात. स्वस्त, अर्थिंग नसलेल्या चार्जरमधून विजेचा जो खरखराट येतो, तो बोटाचा विद्युत परिणाम ओळखणाऱ्या कपॅसिटिव्ह स्क्रीनला बोटासारखाच वाटतो. बॅटरीवर शांत झाली तर दोष चार्जरचा. तरीही थांबली नाही तर घाम, पावसाचा थेंब किंवा काचेखालचा बुडबुडा बघायचा. त्यातून अगदीच अडलं तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेसखाली टच स्क्रीनची ओळ असते, ती तात्पुरती डिसेबल करून कीबोर्डवर काम निभावता येतं. किती जणांचे स्क्रीनचे पैसे तुम्ही वाचवले असतील! आणि घाटातल्या बसमध्ये पाटी धरली की दर वळणाला चित्र आडवं-उभं होतं, त्याला विंडोज कळ आणि ओ दाबून कुलूप, हेही तुमच्याचकडून.

बिजागरीबद्दलची तुमची ताकीद आम्ही अक्षरशः पाळतो: आधी स्क्रीन सरळ उभी, मग एकाच बाजूनं फिरवायची, आणि परतताना त्याच वाटेनं मागे. उलट जोर लावला की आतली स्क्रीनची पट्टी चिरडते.

सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट मराठी टायपिंगची. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीच्या प्रमाणित कळरचनेत, च अर्धविरामाच्या कळीवर, ट अवतरणचिन्हाच्या, ड चौकटी कंसाच्या, य तिरक्या रेघेच्या, आणि डॉक्टर-ऑफिसचा ॉ उलट्या तिरक्या रेघेच्या. छोट्या कीबोर्डात जागा वाचवायला नेमक्या याच कळा अरुंद करतात किंवा भलत्या ओळीत सरकवतात. "विकत घेण्याआधी 'चटणी' टाइप करून बघा," असं तुम्ही म्हणालात. इतकी नेमकी परीक्षा आम्ही कुठे वाचली नव्हती. ज्यांना इनस्क्रिप्ट सोडवत नाही त्यांच्यासाठी तुम्ही पाच कळांवर पाच रंगीत ठिपके लावून दिलेत. बाकीच्यांना विंडोज १० च्या २०१९ च्या आवृत्तीपासून मिळणारा मराठी फोनेटिक कीबोर्ड लावून दिलात, ज्यात रोमन अक्षरांवरच भागतं. स्क्रीन स्केलिंग (अक्षरं-चित्रं किती मोठी दिसावीत ते) १५० टक्के ठेवायचा सल्लाही योग्य ठरला. २०० ला अक्षरं मोठी दिसतात, पण स्क्रीनवर ९६० बाय ६०० एवढीच जागा उरते आणि कित्येक फॉर्मांचं 'ओके' खाली बुडतं.

शेवटचं, ज्याचे आभार वेगळे मानायला हवेत: ती चिठ्ठी. मशीनला बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कवरची माहिती बंदिस्त करणाऱ्या विंडोजच्या सोयीचं, कुलूप असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं की ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्यात असते, आणि परगावी खातं उघडायला दुसरं मशीन हाताशी असेलच असं नाही. तुम्ही आमच्याकडून ते आकडे सहा-सहाच्या आठ गटांत कागदावर लिहून घेतलेत, पुन्हा मोठ्यानं वाचून ताडून घेतलेत, आणि चिठ्ठी मशीनच्या पिशवीत नाही, कपड्यांच्या बॅगेत ठेवायला लावलीत. या सगळ्याचे पैसे विचारले तर तुम्ही दोन केबलींचेच घेतलेत.

पावसाळ्याआधी येतो, दादा. "१००" लिहिलेल्या दोन लेबलांची शाई उडालीये आणि एक केबल मीटरवर मध्येच ५ व्होल्टला पडते, ती तुमच्या नजरेखालून घालायची आहे. लेबलांचा रोल आम्ही आणतो.

तुमचे,
बाहेरगावी असणारे चौघं